खिडकीच्या आतल्या बाजूने

प्रिय मुली,

आशीर्वाद. तुझा मेसेज दोनदा वाचला. कॅप राऊंडमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, इंजिनिअरिंगला जागा मिळाली, ओबीसीचा दाखला आहे, नॉन क्रिमीलेअर (उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला) आहे, आणि तरी प्रवेशाला गेलीस तर कॉलेजने हातात भला मोठा आकडा ठेवला. शेवटी तू विचारलंयस, "काका, मुलींच्या मोफत शिक्षणाची बातमी खोटी होती का?"

खोटी नव्हती. पण बातमी एका ओळीची असते आणि शासन निर्णय पानोपानी असतो. अटी असतात त्या पानांत. जुलै २०२४ मध्ये सरकारने ठरवलं की ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के सरकार भरेल. आधी ते ५० टक्के मिळायचं. प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की हा विषय तिथेच संपतो. तुझी कॅपची आहे, म्हणून बोलतोय.

आता 'शिक्षण शुल्क' या शब्दाकडे बघ. कॉलेजच्या पावतीवर शिक्षण शुल्क असतं, विकास शुल्क असतं, अनामत असते, शिवाय लायब्ररी, जिमखाना, विमा अशी किरकोळ भावंडं असतात. सरकार भरतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. बाकीचं तुमच्या खिशातून. त्यामुळे फीच्या खिडकीवर जाऊन "माझी फी माफ आहे" असं म्हणू नकोस. समोरचा माणूस दिवसभर तेच ऐकतो आणि तेच नाकारतो. "यातलं शिक्षण शुल्क किती आहे, ते वेगळं काढून लेखी द्या" असं म्हण. त्या वाक्याने आवाज बदलतो, मी बघितलंय. योजनेत बसणाऱ्या मुलींकडून प्रवेशाच्या वेळी ती रक्कम मागू नये असं सरकारने कॉलेजांना सांगितलेलं आहे. तरीही मागतातच, तर शासन निर्णयाची प्रत सोबत ने. राज्य सरकारच्या संकेतस्थळावर मिळते, झेरॉक्सवाल्याकडून काढून घे. मोबाइलमधला फॉरवर्ड दाखवू नकोस.

मी एका कॉलेजात शिष्यवृत्तीच्या टेबलावर एकवीस वर्षं बसलो. आधी कागदी फॉर्मचे गठ्ठे, मग महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल. खिडकी तीच, फक्त आतल्या बाजूला फाइलींच्या जागी स्क्रीन आली. त्या काळातली एक गोष्ट तुला सांगायची आहे, कारण चूक अर्धी माझी होती.

एका मुलाचा अर्ज माझ्या लॉगिनला आला. उत्पन्नाचा दाखला स्कॅन करताना मोबाइलची सावली पडली होती, तहसीलदारांची सही दिसत होती पण बारकोड नाही. मी अर्ज 'सेंड बॅक' केला, शेरा लिहिला, 'दाखला अस्पष्ट'. दोन शब्द. मुलगा रोज कॉरिडॉरमधून जायचा, मला नमस्कारही करायचा. त्याने लॉगिन उघडलंच नाही, आणि मीही त्याला हाक मारली नाही, कारण त्या आठवड्यात माझ्यापुढे तीनेकशे अर्ज होते. मुदत गेली. मार्चमध्ये तो विचारायला आला तेव्हा त्याचा अर्ज तिथेच पडलेला होता, त्याच दोन शब्दांखाली.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. मुलं अपात्र म्हणून शिष्यवृत्ती गमावतात त्याहून जास्त 'सबमिट झालं' म्हणून घरी जाऊन बसतात म्हणून गमावतात. अर्ज आधी कॉलेजच्या टेबलावर, मग विभागाच्या कार्यालयात, मग पैसे. यातला कुठलाही टप्पा तो परत पाठवू शकतो. दर सोमवारी लॉगिन उघड. स्थिती बदललेली नसेल तर कॉलेजच्या कारकुनाकडे जा, अर्ज क्रमांक सांग. भीड बाळगू नकोस. कारकून खेकसला तरी तुझा क्रमांक त्याच्या लक्षात राहतो, हे आतल्या माणसाचं गुपित.

अर्ज स्वतःच्या हाताने भर, हे मी जवळजवळ हुकूम म्हणून सांगतोय. नेट कॅफेवाला घाईत स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो, पासवर्ड त्याच्या वहीत राहतो. दुसऱ्या वर्षी रिन्यूअलला ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि तोवर त्याने दुकान बंद करून मोबाइल दुरुस्ती सुरू केलेली असते. हसू नकोस, असं झालेलं आहे. शिवाय त्याला तुझी परिस्थिती माहीत नसते. 'होस्टेलर' की 'डे स्कॉलर' या प्रश्नावर तो सगळ्यांना 'डे स्कॉलर' करतो, आणि जिथे निर्वाह भत्ता आहे तिथे एका क्लिकमध्ये रक्कम खाली येते.

नावाचंही बघ. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, एखाद्या कागदावर वडिलांच्या नावाला 'राव' जोडलेलं. क्रम वेगळा असला तर निभावतं, स्पेलिंग वेगळं असलं की अडतं. आधारची दुरुस्ती प्रवेशाच्या धांदलीत करायला गेलीस तर रांगेत आठवडा जाईल. या आठवड्यातच उरक. उत्पन्नाचा दाखला आईवडील दोघांचं उत्पन्न धरून काढलेला हवा आणि या वर्षी चालणारा हवा. गेल्या वर्षीचा 'तोच आहे ना' म्हणून जोडू नकोस. दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला पाचशेचा स्टॅम्प लागतो असं सेतू केंद्राबाहेर (जिथे दाखले काढतात) बसलेला कोणी म्हणाला तर घेऊ नकोस. शैक्षणिक कामाच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क माफ आहे.

आणि आता बँक. हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महाग पडणारं प्रकरण. पैसे तू फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात येत नाहीत, आधारला जोडलेल्या खात्यात येतात. आणि खाती चार असली तरी एका वेळी असं जोडलेलं खातं एकच असतं, जे शेवटी जोडलं ते. एक मुलगी वर्षभर "पैसे आलेच नाहीत" म्हणत होती. पोर्टल म्हणत होतं, जमा झाले. शोधल्यावर निघालं की सिमकार्ड घेताना तिने अंगठा दिला होता आणि त्याच वेळी तिच्या नावाने एक वॉलेटवजा खातं उघडलं गेलं होतं. पैसे तिथे निवांत पडले होते. तेव्हा माय आधारच्या संकेतस्थळावर जाऊन 'बँक सीडिंग स्टेटस' बघ. जे नाव दिसेल ते तुझ्या रोजच्या बँकेचं नसेल तर बँकेत जाऊन फॉर्म भर. "आधार लिंक आहे" एवढ्या उत्तरावर तिथून उठू नकोस. 'डीबीटीसाठी सीडिंग' हे शब्द वापर, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी खातं आधारला जोडणं. आणि शाळेत असताना काढलेलं 'स्मॉल अकाउंट' असेल तर केवायसी पूर्ण करून साधं बचत खातं करून घे, कारण स्मॉल अकाउंटमध्ये ५०,००० पेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही.

राहण्याचं तू विचारलं नाहीस, पण खरा खर्च तिथेच आहे. आधी सरकारी वसतिगृहाचा अर्ज कर. तिथे नंबर लागला नाही तर तुझ्या प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० पर्यंत मिळतात. उत्पन्नाची अट फीच्या योजनेपेक्षा वेगळी आहे, ती नीट वाच. (अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम्, तुझ्या मैत्रिणींना सांग.) तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी एआयसीटीईची (तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) प्रगती शिष्यवृत्तीही आहे, वर्षाला ५०,०००. पण जिथे जिथे 'मी दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेत नाही' असं लिहून द्यायला लावतात, तिथे थांब आणि दोन्हींची तुलना कर. दोन्ही पचतील असं सांगणारे सीनियर भेटतील. आधार क्रमांक दोन्हीकडे तोच असतो, एवढं लक्षात ठेव.

कर्जाचं बाबा म्हणत असतील तर त्यांना म्हणावं, आत्ता थांबा. लागलंच तर पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेच्या यादीत तुझं कॉलेज आहे का ते आधी बघू. तिथे तारण आणि जामीनदार लागत नाही, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे. पण फी सुटली तर एवढं मोठं कर्ज कशाला?

रविवारी संध्याकाळी फोन कर. त्याआधी फीचं लेखी विभाजन आणि सीडिंग स्टेटसचा स्क्रीनशॉट पाठवून ठेव. उत्पन्नाचा दाखला खिडकीजवळ, उजेडात धरून स्कॅन कर. बारकोड दिसला पाहिजे.

तुझा,
काका