केळीला झाड म्हणायचं का?

प्रश्न : मुलगी सहावीत आहे. विज्ञानाच्या वहीत तिनं ‘वृक्ष’ या रकान्यात वड, आंबा आणि केळ लिहिलं. बाईंनी केळीवर लाल रेघ मारून ‘रोपटे’ असं लिहिलं. आमच्या परड्यातली केळ कौलांच्या वर गेली आहे. एवढं उंच रोपटं असतं का? आणि घड उतरवल्यावर ती तोडायची की राखायची?
– एक वाचक, उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, बाईंचं बरोबर आहे. पण नुसती लाल रेघ मारून भागत नाही, कारण मुलीची शंका रास्त आहे. तिनं उंची बघितली आणि उंचीवरून हे ठरत नाही. न्यू गिनीच्या डोंगरात मूसा इन्जेन्स नावाची रानटी केळ १५ मीटरपर्यंत जाते, तरी तीही रोपटंच.

सत्यनारायणाची पूजा झाली की चौरंगाचे खुंट टाकून देतात, त्यातला एक मुलीसमोर आडवा कापा. एकात एक बसलेली सोपटं दिसतील, आणि प्रत्येक सोपटात पातळ पडद्यांनी पाडलेले हवेचे कप्पे. चीक कपड्याला लागू देऊ नका, डाग जात नाही. लाकूड, साल, वर्षावर्षाची वलयं यातलं काही सापडणार नाही. आता बाहेरचं एखादं सोपट अखंड केळीवर हातानं वरवर मागोवा घेत जा, ते शेवटी एका पानाच्या देठात जाऊन मिळतं. म्हणजे आपण ज्याला खांब म्हणतो तो सगळा पानांच्या बुडांचा गुंडाळा आहे. खरं खोड मातीत आहे, तो कंद.

आपल्या भागातल्या माणसाला हे उसावरून चटकन पटतं. उसाला पेरं असतात, पेरापेरावर डोळा असतो, म्हणून कांडं पुरलं की फुटतं. केळीच्या खांबावर एकही डोळा नाही. कंदाशिवाय आणलेला पूजेचा खुंट कितीही जपून परड्यात लावा, तो कुजतोच. केळीचे डोळे सगळे खाली कंदावर, तिथूनच मुनवे, म्हणजे बाजूचे नवे कोंब, येतात.

नारळाचं काय, असं मुलगी विचारेल. विचारावंच. नारळालाही आंब्यासारखी वलयं नसतात. पण त्याचं खोड जमिनीच्या वर आहे, टणक आहे, वर्षानुवर्षं उभं राहतं, म्हणून त्याला आपण झाडात धरतो. केळीचा खांब मात्र वळवाच्या एका वाऱ्यात घडासकट आडवा होतो.

आणखी एक प्रयोग मी दरवर्षी विद्यार्थ्यांना करायला लावायचो. नको असलेला, अजून न निसवलेला, म्हणजे केळफूल न आलेला मुनवा गुडघ्याएवढ्या उंचीवर सरळ कापायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचा. मधली कोवळ्या पानाची सुरळी कापाच्या वर आलेली असते, भोवतीची सोपटं होती तिथंच. वाढणारा शेंडा जमिनीलगत कंदावर बसलेला, म्हणून वर कोयता चालवला तरी त्याला धक्का लागत नाही. पुस्तकातली आकृती पाठ करण्यापेक्षा हे एकदा डोळ्यांनी बघितलेलं पोरांच्या जास्त लक्षात राहतं, हा माझा अनुभव.

केळ निसवायच्या वेळी हाच शेंडा पानं काढायचं थांबवतो. त्याचा दांडा सोपटांच्या पोकळीतून वर चढतो आणि टोकाला केळफूल घेऊन बाहेर पडतो. आपण भाजी करतो तो पांढरा गाभा म्हणजे हाच दांडा. निसवलेल्या केळीच्या खांबात खोड म्हणावं असं तेवढंच.

पावसाळ्यात मुलीला राधानगरी किंवा गगनबावड्याकडे घेऊन जा. कड्यांवर रानकेळी दिसतील. पाऊस सरला की त्यांची पानं वाळून जातात आणि उन्हाळ्यात खडकाच्या फटीत फक्त फुगीर बुड राहतं. ती मुनवे देत नाही, काळ्या टणक बियांवरच पुढं जाते. आपल्या खायच्या केळ्यात मात्र बी धरतच नाही, तिचा सगळा वंश कंदावर चालतो.

आता दुसरा प्रश्न. घड उतरवला की ती केळ तोडा. शेंडा फुलात संपला, त्या खांबाला दुसरा घड येणार नाही. खांबाचे तुकडे करून बुंध्याशीच पसरा, ओल टिकते. मुनव्यांपैकी अरुंद, तलवारीसारख्या पानांचा आणि बुडाशी जाड असलेला एक राखा. रुंद पानांचे बारके मुनवे दिसायला टवटवीत असतात, पण कंदाशी त्यांचा जोड कच्चा असतो, त्यांच्या नादी लागू नका. बाकीचे नुसते वरून छाटलेत तर आठवड्यात पुन्हा डोकं काढतील, तेव्हा पहारीनं कंदापासून तोडूनच काढा.