घाट घातलाय, पण वेळ कुठाय?

*मावशी, मी 41 वर्षांची, गंगापूर रोडला राहते, बँकेत नोकरी. दिवाळीनंतर नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट सायकलवर चढायचं मनावर घेतलंय. पण शनिवारी सकाळी मुलीचं सावरकर तलावावर पोहणं, रविवारी मुलाची क्रिकेट मॅच, कधी गोल्फ क्लबवर तर कधी शहराच्या दुसऱ्या टोकाला. नवऱ्याचं बॅडमिंटनही रविवारीच. डबे, बाटल्या, ने-आण माझ्याकडे. पहाटे चोरासारखी सायकल काढते आणि साडेसहाला फोन येतो, "आई, माझे पांढरे मोजे?" नवरा म्हणतो, महाजन डॉक्टरांनी दवाखाने सांभाळून सायकलवर अमेरिका पार केली, तुला एक घाट जमेना?*
*– घाटवेडी, नाशिक*

घाटवेडीबाई,

आधी यजमानांना माझा एक निरोप द्या. आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी 2015 साली 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली ती दोघांच्या संघाने, पाळ्या लावून. साधारण 4,800 किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. एक जण पेडल मारत असताना दुसरा पाठ टेकत होता, आणि मागच्या गाडीत खाणंपिणं, कपडे, पंक्चर बघणारी माणसं होती. मोजे शोधायला त्यातलं कुणी सायकलवरून उतरल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तेव्हा उदाहरण झकास आहे, फक्त ते तुमच्या बाजूचं आहे.

तुमच्या घरात प्रत्येकाच्या खेळाला वार आहे, वेळ आहे, मैदान आहे. तुमच्या सायकलला मात्र उरलासुरला वेळ. आणि उरलेला वेळ नावाची गोष्ट दोन मुलांच्या घरात नसते, हे मला नव्याने सांगायला नको. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मुलीचं पोहणं लिहिलेलं असेलच. त्याच चौकोनात, त्याच पेनाने 'आईचा घाट' लिहा. मग यजमानांना सांगा की शनिवारचा तलाव यापुढे त्यांचा: डबा, टॉवेल, गॉगल सगळ्यासकट. "मदत कराल का?" असं विचारू नका. मदत म्हटली की काम तुमचंच राहतं आणि वर आभारही मानावे लागतात. पांढरे मोजे नाही सापडले तर पोरगं निळे घालून जाईल. दोन शनिवार चिडचिड होईल, ती होऊ द्या.

आता घाटाकडे. नांदुरी ते गड हा रस्ता साधारण 10 किलोमीटरचा. ताशी 8 किलोमीटरने चढलात तरी सव्वा तास. म्हणजे तयारी करायची ती सव्वा तास एका लयीत पाय चालवण्याची. दर रविवारी शंभर किलोमीटर हाणायची गरज नाही. बरेच जण इथेच फसतात. नाशिकहून थेट सायकलने निघायचा हट्टही सोडा. साठेक किलोमीटर आधीच रेटून पायथ्याशी पोचलात तर पहिल्या वळणालाच पाय बोलायला लागतील. पहिल्या खेपेला सायकल गाडीवर टाका आणि नांदुरीहून सुरुवात करा. नवरात्रात मात्र गर्दीमुळे त्या रस्त्याचं नाव काढू नका. तुम्ही दिवाळीनंतरचं ठरवलंय ते योग्यच.

आठवड्यातले दोन दिवस, मंगळवार आणि गुरुवार धरू, पहाटे तासभर पुरे. दहा मिनिटं अंग गरम करायचं, मग दहा मिनिटं अशा जोराने की तुटक वाक्यच बोलता येईल, पाच मिनिटं सैल, आणि पुन्हा दहा. जोराच्या अशा दोन फेऱ्यांपासून सुरुवात करा, महिन्याभरात तीनवर जा. जवळपास लांब चढ नाही म्हणून अडू नका. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असतो, त्र्यंबक रोडला लागलात की तो समोरून छातीवर येतो. तो फुकटचा घाट. येताना तोच वारा पाठीवर घेऊन घरी सोडतो, त्यामुळे साडेसहाच्या आत परत. मागे लाल लुकलुकता दिवा लावा, आणि कुठल्या रस्त्याला जाताय ते घरी सांगून निघा.

शनिवारी अंजनेरी फाटा. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, दोन-सव्वादोन तास. जमेल तेव्हा फाट्यावरून आत वळून अंजनेरी किल्ल्याच्या पायऱ्यांच्या दिशेचा चढ घ्या. तो छोटा आहे पण दात दाखवतो. हलका गिअर टाका, बसून चढा, पाय गरगर फिरू द्यात. जड गिअरवर उभं राहून रेटलंत की बिल गुडघ्यांच्या नावाने फाटतं. माझं अजून फाटतंय. अर्ध्या-पाऊण तासाने काहीतरी तोंडात टाका. केळं, खजूर, चिक्की, घरात असेल ते. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका, तापतात. दोन्ही मिळून दाबा-सोडा करा.

राहिला रविवार. तो मी तुमच्याकडून काढून घेणार नाही, कारण पत्रात मॅचबद्दल लिहिताना तुमचं अक्षर जरा मऊ झालंय. पण टॉसपासून बक्षिसापर्यंत बसायलाच हवं का? मुलालाच विचारा, "मी कधी असायला हवी?" तो बहुतेक म्हणेल, "माझी बॅटिंग आली की." पोरांना आपण समजतो तेवढी आपली गरज नसते, आणि जेव्हा असते तेव्हा ती दहा मिनिटांचीच असते. शनिवार हुकला तर सायकल गाडीत टाकून मैदानावर न्या, समोरची टीम खेळत असेल तेवढ्यात तासभर फिरून या. घामेजल्या अंगाने बाउंड्रीला उभ्या राहिलात तर पोरगा थोडा लाजेल. तेवढं चालतं.

आणि शनिवारी फोन घरी ठेवू नका, पंक्चर झाली तर लागेल. फक्त आवाज बंद करून मागच्या खिशात.

– तुमची मावशी