व्हेंटिनावर पहिल्यांदा उतरताना

इटलीत चेर्व्हिनियाची व्हेंटिना ही स्कीइंगची लाल पिस्ट, म्हणजे मध्यम अवघड उतरण. निळ्यांवर, म्हणजे सोप्या पिस्टांवर, वळणं सहज जमेपर्यंत तिच्या वाटेला जाऊ नकोस. वर प्लॅटो रोझा सुमारे ३,४८० मीटरवर, खाली गाव २,०५० च्या आसपास. हे सगळं एका दमात उतरायच्या भानगडीत पडायचं नाही. वर हवा विरळ, त्यात मांड्या भरून आल्या की माणूस नकळत मागे रेलतो, आणि मग स्की ऐकेनाशा होतात. नडगी बुटाच्या पुढच्या भागाला टेकलेली सतत जाणवली पाहिजे. ती जाणीव गेली की थांब. थांबायचं ते कडेला, वरून येणाऱ्याला दिसशील असं; उंचवट्याच्या आड तर मुळीच नाही. पुढच्याला जपायची जबाबदारी मागच्याची, हा नियम खरा, पण सगळेच कुठे तो पाळतात!

सकाळी लवकर गेलास तर रात्री मशीनने बर्फावर ओढलेल्या बारीक रेघा शाबूत मिळतात. ऊन तापलं की, विशेषतः वसंतात, खालच्या टप्प्यात बर्फ मऊ पडून त्याचे ढीग होतात आणि थकलेले गुडघे तिथेच दगा देतात. अशा दुपारी मी सरळ केबल कारने उतरतो, लाज कसली? वाऱ्यामुळे वरची लिफ्ट बंद असेल तर खाली प्लॅन मेझॉनच्या निळ्यांवर वळणं घोटत बस.