आयर्लंड इतका कॅथलिक देश होता, तर तिथे धार्मिक उजवा पक्ष का उभा राहिला नाही?

तुम्ही विचारले आहे की जर्मनीत आणि इटलीत ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्षांनी वर्षानुवर्षे सत्ता भोगली, मग त्यांच्याहून कडव्या कॅथलिक आयर्लंडमध्ये तसा मोठा पक्ष का झाला नाही, आणि मुलाबाळांसह डब्लिनला येणाऱ्या माणसाला त्या राजकारणाची आजही झळ बसते का. मी 2009 पासून इथे राहते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. वेगळ्या पक्षाची गरजच नव्हती, कारण एकही मोठा पक्ष चर्चच्या शब्दाबाहेर नव्हता.

फियाना फॉल आणि फिने गेल हे दोन्ही पक्ष 1922-23 च्या यादवी युद्धातून, ब्रिटिशांशी झालेल्या तहाच्या वादावरून निघाले. धर्मावरून त्यांच्यात भांडण नव्हतेच. फियाना फॉलचे संस्थापक डी व्हॅलेरा यांच्या 1937 च्या राज्यघटनेने घटस्फोटाला बंदी घातली, चर्चला 'विशेष स्थान' दिले आणि स्त्रीचे कर्तव्य घरात असल्याचे लिहून ठेवले. 1951 मध्ये आरोग्यमंत्री नोएल ब्राउन यांनी माता आणि बालकांसाठी मोफत उपचारांची योजना आणली, तेव्हा बिशपांनी हरकत घेतली आणि स्वतःच्याच मंत्रिमंडळाने पाठ फिरवल्यामुळे ब्राउन यांना राजीनामा द्यावा लागला. 1983 मध्ये गर्भाचा जगण्याचा हक्क आईच्या हक्काच्या बरोबरीने घटनेत घालणारी आठवी दुरुस्ती सुमारे 67 टक्के मतांनी मंजूर झाली. तिची मागणी लावून धरणारे मुळात पक्ष नव्हते, दबावगट होते. पक्ष त्यांच्यामागून गेले. शाळा, इस्पितळे आणि घटनाच हाताशी असताना पक्ष काढण्याचे कष्ट कोण घेईल?

हे मला पुस्तकातून कळले नाही, शाळेच्या अर्जावरून कळले. 2014 मध्ये मुलाला शाळेच्या सर्वांत खालच्या, म्हणजे पहिलीच्या दोन वर्षे आधीच्या वर्गात घालायचे होते. घरापासून सात मिनिटांवर सरकारी खर्चाने चालणारी कॅथलिक शाळा होती. अर्जावर जन्मतारखेच्या खालीच बाप्तिस्म्याच्या, म्हणजे डोक्यावर पाणी घालून ख्रिस्ती धर्मात घेण्याच्या विधीच्या, तारखेची चौकट होती, आणि ती मी रिकामी ठेवली होती. कार्यालयातल्या बाईंनी अत्यंत सौजन्याने त्या चौकटीवर पेन्सिलीचे टोक टेकवले आणि सांगितले की जागा कमी आहेत, त्यामुळे आधी परिसरातील कॅथलिक मुले, नंतर बाहेरची कॅथलिक मुले आणि मग उरलेले. उरलेल्यांत माझा मुलगा होता. यात बेकायदेशीर काहीही नव्हते. तेव्हाचा कायदाच शाळांना तशी मुभा देत होता.

माझे थोरले दीर आमच्या आधी सात वर्षे इथे आलेले. भाऊजी म्हणाले, "बाप्तिस्मा करून टाका, पाणीच तर आहे. या देशात आता धर्म उरलाय कुठे?" त्यांनी स्वतःच्या मुलीसाठी तेच केले होते. माझ्या ऑफिसातील वसईचे एक कॅथलिक सहकारी धर्मपिता व्हायला तयारही झाले, पण त्यांनी आधी एवढेच विचारले, "तुम्ही त्याला दर रविवारी मिस्साला आणाल ना?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यांच्या घरात ते पाणी नुसते पाणी नव्हते. आम्ही बाप्तिस्मा केला नाही आणि मुलाला पाच किलोमीटर दूरच्या शाळेत जागा मिळाली. तीही कॅथलिकच होती, फक्त तिथे जागा होत्या. दुसरीच्या वर्षी वर्गातली मुले पहिल्या कम्युनियनची (पहिल्यांदा प्रभुभोजन घेण्याच्या विधीची) तयारी करत, तेव्हा माझा मुलगा मागच्या बाकावर चित्रे रंगवत बसे. शिक्षिका त्याच्याशी फार प्रेमाने वागत, हे सांगितलेच पाहिजे.

त्याच वर्षी, 25 मे 2018 रोजी, मी तशाच एका शाळेच्या सभागृहात मेरीच्या मूर्तीसमोरून जाऊन आठव्या दुरुस्तीच्या सार्वमतात मत दिले. बेळगावच्या सविता हलप्पनवार 2012 मध्ये गॉलवेच्या इस्पितळात गर्भपात नाकारला गेल्यानंतर जंतुसंसर्गाने गेल्या. 'हा कॅथलिक देश आहे' असे तिथे त्यांना सांगण्यात आले होते. दुरुस्ती 66 टक्क्यांहून अधिक मतांनी रद्द झाली. त्या वेळी पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचे गाव मालवण तालुक्यातील वराड. त्यांचा फिने गेल हा पक्ष आजही मध्यापासून उजवीकडचाच मानला जातो. पक्ष तेच राहिले. चर्चच्या संस्थांत लहान मुलांवर झालेल्या अत्याचारांचे अहवाल 2009 मध्ये बाहेर आल्यावर चर्चच्या शब्दाला उरलीसुरली किंमत राहिली नाही, एवढेच बदलले.

भाऊजींना वाटले की त्यांचेच खरे ठरले. मला ते मान्य नाही. मार्च 2024 मध्ये घटनेतील स्त्रीच्या घरातील कर्तव्याचा मजकूर काढून तिथे कुटुंबीयांनी एकमेकांची घेतलेल्या काळजीबद्दलचा मजकूर घालण्यासाठी सार्वमत झाले. जवळपास सर्व मोठे पक्ष बदलाच्या बाजूने होते, तरी सुमारे 74 टक्के लोकांनी तो फेटाळला. उघडपणे विरोध करणाऱ्यांत एन्टू (Aontú) हा 2019 मध्ये निघालेला छोटा पक्ष होता. अर्थात नाही म्हणणारे सगळे पुराणमतवादी नव्हते. अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अनेकांना नव्या मसुद्याचे शब्दच पुरेसे वाटले नव्हते. तरीही दहांपैकी जवळपास नऊ प्राथमिक शाळा अजून कॅथलिक चर्चच्या आश्रयाखाली आहेत, आणि धर्म तिथे आहे, अर्जात नसला तरी वेळापत्रकात.

2018 च्या कायद्याने कॅथलिक प्राथमिक शाळांना प्रवेशात धर्म पाहण्यास मनाई केली, त्यामुळे माझ्यासारखी पेन्सिल तुमच्या अर्जावर टेकणार नाही. मी डब्लिनच्या गर्दीच्या भागाबद्दल लिहिते आहे. खेड्यांत जागांची अशी ओढाताण तेव्हाही फारशी नव्हती. सर्वधर्मी शाळा हवी असेल तर मूल तीन वर्षांचे होताच चौकशी सुरू करा. कोणी आप्त अजूनही पाण्याचा सल्ला देईल, तर तो घेण्याआधी एखाद्या श्रद्धाळू कॅथलिक माणसाला विचारा की त्याला त्याबद्दल काय वाटते. भाऊजींनी ते कधीच विचारले नाही.