या पत्रात मुलीचं म्हणणं कुठे आहे?

प्रिय पालक,

नाशिकरोडहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगी बावीस वर्षांची, संख्याशास्त्रात बी.एस्सी., ५८ टक्के. पीएसआयची पूर्व परीक्षा एकदा हुकली. गेल्या गणेशोत्सवात कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेकडून (एनएसएस) विसर्जन मार्गावर उभी राहिली आणि तेव्हापासून मोठ्या कार्यक्रमांच्या सुरक्षेचं नियोजन हेच काम करायचं म्हणते. तुम्ही विचारता, पुन्हा पीएसआयच्या क्लासला घालू, की ‘इव्हेंट सिक्युरिटी’चा दीड लाखाचा डिप्लोमा देणाऱ्या अकादमीत?

दोन्हींचं उत्तर देतो. पण मला काळजी वाटली ती तुम्ही ओघात लिहून गेलेल्या एका वाक्याची: ‘लक्ष लागावं म्हणून फोन काढून घेतलाय, निकालापर्यंत बाहेर जाणं बंद.’ ती सज्ञान आहे, पदवीधर आहे. फोन आजच परत द्या. मैत्रिणी, नोकरीच्या जाहिराती, परीक्षेच्या सूचना सगळं त्यातच असतं. आणखी वर्ष असं काढलंत तर परीक्षेचं काय व्हायचं ते होईल, पण ती तुम्हाला काही सांगणंच बंद करेल. तिची झोप, जेवण, बोलणं कमी झालं असेल तर क्लासची फी बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना भेटा. दोन पानांत तिचं स्वतःचं एकच वाक्य आहे आणि तेही तुम्ही ‘खूळ’ म्हणून दिलंय. ‘वॉचमनगिरी करणाऱ्या मुलीला स्थळ कोण आणणार’ ही भीती तुमची आहे, तिचा त्याच्याशी संबंध नाही.

आणि मुळात ही वॉचमनगिरी नाही. सुरक्षा म्हणजे काळ्या टी-शर्टातले धिप्पाड बाउन्सर, आणि जास्त बाउन्सर म्हणजे जास्त सुरक्षा, हा समज फार पसरलाय. मैदानावर बारा हजार लोक येणार, कार्यक्रम सातला. त्यातले आठ हजार शेवटच्या तासात येतात असं धरा. मेटल डिटेक्टर आणि झडती मिळून माणशी दहा सेकंद लागले, तर एका रांगेतून तासाला ३६० जण आत जातात. म्हणजे किमान २३ रांगा हव्यात. आयोजकाने आठच लावल्या, तर सातच्या ठोक्याला पाच हजारांवर माणसं बाहेर असतात. आत गाणं सुरू होतं, मागचे रेटतात, पुढच्यांना फाटक आणि रेटा यांच्यामध्ये जागा उरत नाही. तिथे पन्नास बाउन्सर उभे केलेत तरी ते पुढच्यांनाच मागे ढकलतात. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं झाली की सावध व्हायचं, पाचवर आवक थांबवायची. सहा-सातला माणूस स्वतःच्या पायांनी हलत नाही, गर्दी नेईल तिकडे जातो. बाहेर पडायचं गणितही असंच. सपाट वाटेच्या एका मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं जातात असं ब्रिटनमधल्या मैदानांच्या सुरक्षेचं मानक धरतं. आठ मिनिटांत बारा हजार बाहेर काढायचे तर १८ मीटरहून जास्त मोकळी रुंदी लागते. पाच-पाच मीटरची चार फाटकं असली की नकाशावर भागतं. पण एकासमोर पाहुण्यांच्या गाड्या किंवा जनरेटर लावला की उरतात १५ मीटर, आणि वेळ जातो दहा मिनिटांच्या आसपास. म्हणून एक फाटक बंद पडणारच असं धरून आखणी करावी लागते. पायऱ्यांवर वेग आणखी कमी. २००५ मध्ये मांढरदेवीला नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोडच्या पुलाचा अरुंद जिना आणि पावसामुळे त्यावर थांबलेली माणसं. या दोन्ही चेंगराचेंगरींत दंडाची ताकद काय कामाची होती?

तुमची मुलगी तीन वर्षं पॉयसाँ वितरण (ठरावीक वेळात किती माणसं येतील याचा अंदाज बांधायचं सूत्र) आणि रांगांचं गणितच शिकली आहे. तिचे ५८ टक्के इथे आड येत नाहीत.

पीएसआय चांगली नोकरी आहे, तिला स्वतःला हवी असेल तर तिने परीक्षा जरूर द्यावी. दीड लाखाचा डिप्लोमा मात्र घेऊ नका. ‘कोर्सनंतर लायसन्स’ असं ते सांगत असतील तर ते खोटं आहे. २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्याखाली परवाना संस्थेला मिळतो, व्यक्तीला नाही. रक्षकासाठी ठरलेलं प्रशिक्षण १६० तासांचं आहे: १०० तास वर्गात, ६० तास मैदानावर. त्याला दीड लाख लागत नाहीत.

पुढे शिकायचंच असेल तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतलं आपत्ती व्यवस्थापन आणि गांधीनगरचं राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ तिने बघावं. पण त्याआधी काम. येत्या उत्सवात एखाद्या मंडळाकडे एका फाटकावर उभं राहून दर पाच मिनिटांनी आत गेलेली माणसं मोजावीत. महिलांची रांग वेगळी मोजावी. त्यांची झडती महिलाच घेतात, पर्स उघडाव्या लागतात, वेळ जास्त जातो, आणि तरीही पुरुषांच्या तीन रांगांना महिलांची एक लावली जाते. हे आकडे, मैदानाचा प्रमाणात काढलेला नकाशा आणि कुठे काय अडलं याची दोन पानं घेऊन ती एखाद्या सुरक्षा संस्थेत काम मागायला गेली, तर कुठल्याही डिप्लोमापेक्षा त्याचं वजन जास्त. २०२७ चा सिंहस्थ तुमच्याच शहरात आहे. गर्दीचं काम शिकायला याहून मोठी संधी कुठे मिळणार?

कामाचे तोटेही सांगतो. सुरुवातीला कंत्राट, हंगामात रात्रंदिवस धावपळ आणि पावसाळ्यात बरेचदा रिकामे आठवडे. आयोजक ‘रांगा कमी करा’ म्हणतील तेव्हा तिला नाही म्हणता आलं पाहिजे. वडील म्हणून तुम्हाला खरंच काही करायचं असेल, तर कामावर घेणाऱ्या संस्थेचा परवाना तिच्यासोबत बसून तपासा, नेमणूकपत्र आणि विमा आहे का ते विचारा, आणि रात्रीच्या ड्यूटीनंतर घरी सोडण्याची सोय लेखी घ्या.