पहिल्या कॅमेऱ्यासाठी ५२,००० रुपयांची झूम लेन्स घ्यावी का?

प्रश्न : मी साताऱ्यात एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी करतो. वय २९, अविवाहित. हातात येणारा पगार ३४,००० रुपये असून आईवडिलांसह घरखर्च साधारण २५,००० रुपये होतो आणि गेल्या वर्षापासून ३,००० रुपयांची एसआयपी चालू आहे. मामेभावाने त्याचा कॅनन २००डी मार्क २ हा डीएसएलआर कॅमेरा मला दिला, पण सोबत लेन्स नाही. कास पठारावरची फुले, गडकिल्ले, भिगवणचे पक्षी आणि ओळखीच्यांकडचे साखरपुडे-बारशी असे सगळे टिपता येईल अशी एकच लेन्स मला हवी आहे. दुकानदाराने टॅमरॉनची १८-४०० मिमी लेन्स ५२,००० रुपयांना सांगितली असून १२ महिन्यांचा ‘नो कॉस्ट ईएमआय’ देऊ केला आहे. पुण्यात एकाकडे कॅननची १८-१३५ यूएसएम (हे फोकसच्या मोटरच्या प्रकाराचे नाव) ही वापरलेली लेन्स १८,००० रुपयांना मिळते आहे. माझी ६०,००० रुपयांची आवर्ती ठेव पुढच्या महिन्यात पूर्ण होते. कोणती लेन्स घ्यावी, आणि पैसे ठेवीतून द्यावेत की हप्त्यांनी?

उत्तर : पुण्यातली १८-१३५ लेन्स नीट तपासून, ठेवीच्या पैशातून आणि एकरकमी घ्यावी, असे माझे मत आहे. टॅमरॉनची लेन्स वाईट आहे म्हणून मी हे म्हणत नाही. एकाच लेन्समध्ये १८ ते ४०० मिमी, म्हणजे रुंद देखाव्यापासून दूरच्या पक्ष्यापर्यंत, एवढा पल्ला देणे हे अवघड काम तिने साधले आहे, आणि ज्याला दर आठवड्याला पक्ष्यांच्या मागे जायचे आहे पण मोठी टेलिफोटो, म्हणजे दूरचे जवळ आणणारी लेन्स परवडत नाही, त्याच्यासाठी ती विचार करण्याजोगी आहे. तुमच्या आजच्या शिलकीला आणि तुम्ही सांगितलेल्या उपयोगांना मात्र ती पेलत नाही.

आधी शिलकीचे पाहू. पगारातून घरखर्च आणि एसआयपी वजा जाता तुमच्या हातात महिन्याला ६,००० रुपये उरतात. तुमच्या पत्रात ६०,००० रुपयांच्या आवर्ती ठेवीखेरीज दुसऱ्या कोणत्याही रोख शिलकीचा उल्लेख नाही, म्हणजे ही ठेव हीच तुमची अडीअडचणीची गंगाजळी आहे, मग तुम्ही ती त्या नावाने बाजूला काढलेली असो वा नसो. आईवडील तुमच्यावर अवलंबून असताना निदान तीन महिन्यांचा घरखर्च, म्हणजे ७५,००० रुपये, सहज काढता येतील अशा ठिकाणी असलेच पाहिजेत आणि आज तुम्ही त्या रकमेपासून १५,००० रुपये दूर आहात. टॅमरॉन रोखीने घेतल्यास गंगाजळीत ८,००० रुपये उरतील आणि ती पुन्हा ७५,००० वर न्यायला जवळजवळ एक वर्ष लागेल. वापरलेली लेन्स आणि तिच्यासोबत लागणाऱ्या किरकोळ वस्तू मिळून २०,००० रुपये धरले, तर ४०,००० रुपये शिल्लक राहतात आणि सहा महिन्यांत तुम्ही ७५,००० च्या पुढे जाता. ही सहा महिन्यांची जोखीम तुमच्या वयात आणि कायम नोकरीत असताना घ्यायला हरकत नाही. वर्षभराची जोखीम मात्र केवळ हौसेसाठी घेऊ नये.

हप्त्यांचा पर्याय कागदावर याहून सोयीचा दिसतो, कारण ठेवीला हात लागत नाही आणि दरमहा सुमारे ४,३३५ रुपये दिल्यावरही थोडे उरतात. पण ठेवीतले ६०,००० आणि डोक्यावरचे ५२,००० यांची वजाबाकी केली, तर पहिल्या दिवशी तुमची खरी शिलक तेवढीच, म्हणजे ८,००० रुपयेच राहते. फरक एवढाच, की उद्या दोन महिने पगार थांबला तरी हप्ता थांबत नाही. क्रेडिट कार्डावरचा हप्ता चुकला आणि थकबाकी पुढे ओढली गेली, तर तिच्यावर अनेक कार्डांवर महिन्याला तीन टक्क्यांहून अधिक, म्हणजे वर्षाला ३६ टक्क्यांच्या पुढे व्याज लागते.

‘नो कॉस्ट’ या शब्दांबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट प्रत्यक्षात नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. व्यवहारात असे होते की बँक व्याज आकारतेच आणि दुकानदार किंवा कंपनी तेवढी रक्कम किमतीत सूट म्हणून दाखवते, त्यामुळे रोखीने घेणाऱ्याला जी सवलत मिळू शकली असती ती तुमच्या वाट्याला येत नाही. शिवाय कार्डाच्या बिलात प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या रकमेवरचा १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा : हीच लेन्स मी आज रोख पैसे देऊन घेतली तर शेवटचा भाव काय लावाल? त्या उत्तरातला फरक हीच तुमच्या हप्त्यांची किंमत.

आता उपयोगाचे पाहू, कारण स्वस्त वस्तू घेऊन ती कामाला आली नाही तर ते पैसेही वायाच जातात. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, एपीएस-सी आकाराचा (फुल फ्रेम या मोठ्या सेन्सरपेक्षा लहान) असल्याने मिलिमीटरच्या आकड्याला १.६ ने गुणले की फुल फ्रेमच्या हिशेबातला पल्ला मिळतो. त्या हिशेबाने १८-१३५ ही लेन्स साधारण २९ ते २१६ मिमी आणि टॅमरॉन २९ ते ६४० मिमी इतकी दृश्यचौकट देते. गडकिल्ल्यांची आणि पठारांची बहुतेक छायाचित्रे १८ ते ५० मिमीच्या आतच निघतात, आणि तिथे दोन्ही लेन्स सारख्याच. कासच्या फुलांसाठी तर लांबच्या पल्ल्यापेक्षा किती जवळून फोकस होतो हे महत्त्वाचे. कॅननची लेन्स ३९ सेंटिमीटरवरून फोकस करते, टॅमरॉन ४५ सेंटिमीटरवरून, आणि फूल सेन्सरवर किती मोठे पडते हे पाहिले तर टॅमरॉन थोडीच पुढे आहे. वजनाचा विचार मात्र करायलाच हवा. तुमचा कॅमेरा बॅटरीसकट ४५० ग्रॅमच्या आसपास भरतो आणि त्यापुढे टॅमरॉनचे ७१० ग्रॅम लटकणार. कॅननची लेन्स ५१५ ग्रॅमची आहे. गड चढताना दिवसभर गळ्यात अडकवायचे तर हा फरक मानेला जाणवतो, आणि जड कॅमेरा हळूहळू घरीच राहू लागतो.

साखरपुडा आणि बारसे यांसाठी या दोन्ही लेन्स अपुऱ्या आहेत, हे दुकानदाराने तुम्हाला सांगायला हवे होते. मंगल कार्यालयातल्या उजेडात लेन्सचे तोंड किती मोठे उघडते यावर सारे अवलंबून असते. एफचा आकडा जितका लहान तितके तोंड मोठे; झूम पूर्ण ताणल्यावर टॅमरॉन एफ ६.३ पर्यंत आणि कॅनन एफ ५.६ पर्यंतच उघडते. याउलट कॅननची ५० मिमी एफ १.८ एसटीएम (हाही मोटरचाच एक प्रकार) ही १६० ग्रॅमची छोटीशी लेन्स एफ ६.३ च्या मानाने सुमारे बारा पट प्रकाश आत घेते आणि नवी घेतली तरी टॅमरॉनच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास बसते. त्यामुळे कार्यक्रमांतून चार पैसे मिळवायचे असतील, तर त्या कामासाठी पुढची खरेदी हीच असू द्या. ती आत्ता करू नका. ओळखीच्यांकडची दोन कामे प्रत्यक्ष पैसे घेऊन झाली, की त्या पैशातून ती घ्या. जे उत्पन्न अजून आलेले नाही त्याच्या भरवशावर आज खर्च धरणे मला मान्य नाही. हे पैसे मिळू लागले की आयकर विवरणपत्रात ते दाखवावे लागतील हे ध्यानात ठेवा. जीएसटी नोंदणीची चिंता मात्र सध्या नको, सेवांसाठी ती मर्यादा वर्षाला २० लाख रुपयांची आहे.

राहिले भिगवण. तिथले रोहित पक्षी उजनीच्या पाण्यात होडीतून पाहायचे तर १३५ मिमी कमी पडेल, हे खरे आहे. तरी तुमच्या कॅमेऱ्यात २४ मेगापिक्सेल आहेत; १३५ वर काढलेल्या छायाचित्राचा मधला चौथा भाग कापून घेतला तर २७० मिमीची चौकट मिळते आणि ६ मेगापिक्सेल उरतात, जे ८ बाय १० इंचांच्या छापील प्रतीला पुरतात. थव्याचे छायाचित्र यात होईल, एकट्या पक्ष्याच्या डोळ्यातली चमक येणार नाही. त्यासाठी पुण्यातून लांब पल्ल्याची लेन्स एक-दोन दिवसांच्या भाड्याने आणा. दोन लेन्सच्या किमतीतला फरक ३४,००० रुपयांचा आहे. भाडे दिवसाला अगदी १,००० रुपये धरले तरी त्यात भिगवणचे ३४ दिवस बसतात. हिवाळ्यातल्या एक-दोन फेऱ्यांसाठी ६४० मिमीचा पल्ला विकत घेऊन वर्षभर कपाटात ठेवण्यात मला शहाणपण दिसत नाही.

तुम्ही विचारला नाही असा एक पर्याय मात्र सांगायलाच हवा. वापरलेली १८-५५ आणि वापरलेली ५५-२५० एसटीएम अशी जोडी बहुधा १८,००० च्या आतच मिळते, तिचा पल्ला १८-१३५ पेक्षा जास्त आहे आणि छायाचित्रांची स्पष्टताही उत्तम असते. निव्वळ पैशाच्या हिशेबाने हीच जोडी सरस ठरते. तरीही मी ती दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो, कारण तुम्ही स्वतः ‘एकच लेन्स’ म्हणता आणि पावसाळी वाऱ्यात कासवर लेन्स बदलताना नवशिक्याच्या हातून सेन्सरवर धूळ-पाणी जाण्याची शक्यता खरीच असते. ज्याला लेन्स बदलण्याचा कंटाळा नाही, त्याने ही जोडी बेलाशक घ्यावी.

किमतीच्या घसरणीचा मुद्दाही वापरलेल्या लेन्सच्याच बाजूने आहे. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०१८ पासून आपला भर मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर वळवला आहे, त्यामुळे डीएसएलआरच्या लेन्सना जुन्या बाजारात पूर्वीसारखा भाव राहिलेला नाही. समजा, दोन वर्षांनी तुमचा छंद मावळला आणि १८,००० ची लेन्स १२,००० ला विकली गेली, तर हौसेचा खर्च ६,००० रुपये झाला. ५२,००० ची नवी लेन्स तेव्हा ३०,००० ला गेली, तर तोच खर्च २२,००० रुपये होतो. हे आकडे मी अंदाजाने धरले आहेत, पण नव्या वस्तूची मोठी घसरण पहिल्या मालकाच्याच अंगावर येते, हे कोणत्याही आकड्यांनी बदलत नाही. छंद वाढलाच आणि पुढे तुम्ही कॅननचा आर मालिकेतला मिररलेस कॅमेरा घेतला, तर अडॅप्टर लावून ही लेन्स त्यावरही चालते.

खरेदीच्या वेळी घाई करू नका. कॅननच्या १८-१३५ च्या तीन आवृत्त्या आहेत : २००९ ची साधी आयएस, २०१२ ची एसटीएम आणि २०१६ ची यूएसएम. जुन्या आवृत्तीला नव्या आवृत्तीचा भाव सांगितला जाण्याचा धोका असतो, म्हणून लेन्सवर छापलेली अक्षरे स्वतः वाचा. ती एसटीएम निघाली तर सौदा मोडण्याचे कारण नाही, छायाचित्रणासाठी तीही चांगली आहे. फक्त भाव बराच खाली आला पाहिजे. दोन्ही बाजूंची झाकणे काढा, मोबाइलचा टॉर्च पुढच्या काचेवर तिरका धरा आणि मागून डोळा लावून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले तर ती बुरशी आहे, अशी लेन्स निम्म्या किमतीतही घेऊ नका. धुळीचे चार कण दिसले तर बिघडत नाही. झूमची कडी दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. ती मध्येच अडकता कामा नये. मग तुमच्या कॅमेऱ्यावर लावून १८, ५० आणि १३५ वर भिंतीवरच्या छापील मजकुराचे छायाचित्र काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. एका बाजूचे कोपरे दुसऱ्या बाजूपेक्षा स्पष्टपणे पुसट असतील, तर लेन्स कधीतरी पडलेली असण्याची दाट शक्यता आहे. मूळ बिल मागा, ते नसल्यास विकणाऱ्याकडून लेन्सच्या अनुक्रमांकासह लेखी पावती घ्या आणि पैसे रोख न देता खात्यातून द्या.

बाजूला ठेवलेल्या २,००० रुपयांतून हवाबंद डबा, सिलिका जेल आणि ६७ मिमीचे बरे संरक्षक फिल्टर आणा. साताऱ्याकडच्या पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या बंद पिशवीत लेन्स तशीच पडून राहिली, तर जी बुरशी तुम्ही विकणाऱ्याच्या लेन्समध्ये शोधलीत, ती तुमच्या लेन्समध्ये धरायला वेळ लागत नाही.

ठेव पूर्ण झाल्यावर ती रक्कम बचत खात्यात जमा होईल. त्याच दिवशी त्यातले ४०,००० रुपये मुदत ठेवीत वळवा. ठेव अशी निवडा की गरज पडल्यास मुदतीआधी मोडता येईल. दरमहाचे ६,००० रुपये सहा महिने गंगाजळीसाठीच बाजूला टाका आणि एसआयपी थांबवू नका. वर्षभराने तुमची छायाचित्रे संगणकावर उघडा. प्रत्येक फाइलमध्ये ती किती मिलिमीटरवर काढली याची नोंद असते. त्यातली बरीचशी १३५ वरच अडकलेली दिसली, तर लांब पल्ल्याची तुमची गरज खरी आहे असे समजून वापरलेली ५५-२५० शोधा. ती पाळी आली तरी ४०० मिमीच्या लेन्सकडे परत जाण्याची गरज पडेल असे मला वाटत नाही.