वाचकांचे प्रश्न : प्रत्येक मेलमध्ये वरिष्ठांना सीसी

प्रश्न : मी एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करते. बिलाला थोडा उशीर झाला की विक्री विभागातील एक सहकारी मला मेल पाठवतात, त्यात ‘यापूर्वीही कळवले होते’ असे लिहितात आणि माझ्या वरिष्ठांना सीसीमध्ये ठेवतात. मी त्यांच्याशी बोलणेच सोडले आहे, पण त्यामुळे काम आणखी अडते. एकदा सर्वांना सीसीत घेऊन खरमरीत उत्तर द्यावे का?

उत्तर : देऊ नका. लिहून काढायचे असेल तर जरूर लिहा, मात्र पत्त्याची जागा कोरी ठेवा. अशा उत्तरानंतर मूळ मुद्दा, म्हणजे बिलाचा उशीर, बाजूला पडतो आणि कोण कोणाला काय म्हणाले याचीच चर्चा सुरू होते.

मेलमधून सूर पोहोचत नाही, ही गोष्ट आपण फार हलक्यात घेतो. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात काही वाक्ये गंभीरपणे आणि काही उपरोधाने, ईमेलवरून तसेच आवाजातून कळवायला सांगितली होती. आपला सूर सुमारे ७८ टक्के वेळा ओळखला जाईल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. ईमेल वाचणाऱ्यांना मात्र तो ५६ टक्के वेळाच ओळखता आला, म्हणजे छापा-काटा करून सांगितले असते तरी फारसा फरक पडला नसता. ‘यापूर्वीही कळवले होते’ हा टोमणा असेल किंवा स्वतःच्या बचावासाठी केलेली नुसती नोंद असेल. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसते. त्यांचा हेतू चांगलाच असेल असे मी म्हणत नाही, पण तो विचारल्याशिवाय कळणार नाही.

तुम्ही धरलेल्या अबोल्याविषयीही बोलले पाहिजे. केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन यांनी १९७४ मध्ये संघर्ष हाताळण्याच्या ज्या पाच रीती मांडल्या, त्यांत स्पर्धा, सहकार्य, तडजोड आणि जुळवून घेणे यांच्याबरोबर टाळणे हीदेखील एक रीत आहे. दोघेही तापलेले असताना किंवा वाद क्षुल्लक असताना ती योग्यच ठरते. परंतु ज्या व्यक्तीशी रोज कागदांची देवाणघेवाण आहे, तिच्याशी अबोला धरला की दर बिलागणिक नवा गैरसमज तयार होतो.

तेव्हा त्यांना भेटा. इतरांसमोर नको आणि मेल येऊन पडल्या क्षणीही नको. ‘तुम्ही नेहमी माझी तक्रार करता’ असे म्हणालात, तर ‘नेहमी’ या शब्दावरच वाद होईल. त्याऐवजी एकच ताजा प्रसंग घ्या : ‘सोमवारच्या मेलमध्ये साहेबांना सीसी होती. मला ते लागले, कारण आधी माझ्याशी बोलाल असे वाटले होते. माल पोहोचल्याची पावती माझ्याकडे दुपारनंतर येते आणि बिल तुम्हाला त्याच दिवशी हवे असते. तुमच्याकडे नेमकी कसली घाई असते?’ एवढे बोलून थांबा. गप्प राहणे जड जाते, पण मधली शांतता आपणच भरून काढली तर खरे कारण बाहेर येत नाही. कदाचित त्यांचे वरिष्ठच त्यांना रोज जाब विचारत असतील. तुमच्याकडून खरोखर उशीर होत असेल, तर तेही तेथेच मान्य करा.

जे ठरेल ते त्याच दिवशी दोन ओळींच्या मेलने कळवा : पावती किती वाजेपर्यंत आली तर बिल त्याच दिवशी निघेल, आणि अडचण आल्यास आधी फोन करायचा की नाही. ही मेल फक्त त्यांनाच पाठवा.

त्यानंतरही तेच चालू राहिले, तर वरिष्ठांकडे अवश्य जा. मात्र स्वभावाची तक्रार घेऊन जाऊ नका, पावतीची वेळ ठरवून द्या अशी मागणी करा. भाषा अपमानास्पद किंवा धमकीची असेल, तर हा समजुतीचा मार्ग लागू होत नाही. त्या मेल जपून ठेवा आणि मनुष्यबळ विभागाकडे थेट लेखी तक्रार करा.